वायसरखालचा लाल रंग

५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी करम मेकॅनिकचा फोन. "उस्ता बहजत, तुमच्या जमान्यातली एक नवरी आलीय माझ्याकडे. इंजिन मी उभं केलं, पण तिच्या वायरिंगपुढे हात टेकले. येता, का ढकलू तिला समुद्रात?"

दुकान बंद करून मला नऊ वर्षं झाली. तरी जुनी पेटी काढली, टेस्ट लॅम्प फडक्यात गुंडाळला आणि ट्रामने गेलो. मुहर्रम बे भागातल्या आमच्या जुन्या गल्लीत शिरलो आणि पाहतो तर ती! डॉक्टर राफतची लाल, बिनटपाची, दोन माणसांची इटालियन गाडी. पस्तीस वर्षं ती त्यांच्या इमारतीखालच्या गॅरेजात ताडपत्रीखाली पडून होती. डॉक्टर आखातात गेले, तिकडेच रमले आणि गेल्या वर्षी वारले. आता त्यांची मुलगी शहिनाझ, तीही दातांचीच डॉक्टर, गाडी चालू करायचं म्हणते.

चौथीच्या वर्गात नसीम एफेंदी शिकवायचे, की जुन्या अरबी कवितेतला कवी उठून गेलेल्या तळाच्या राखेपाशी उंट थांबवतो आणि आधी रडतो, मग बोलतो. मीही तसाच थांबलो. करम म्हणाला, "रडून झालं की बॉनेट उघडा उस्ता, दुपारी मला दुसरं काम आहे."

शहिनाझ बाई म्हणाल्या, "बाबा म्हणायचे, या गाडीला उस्ता बहजतशिवाय कुणी हात लावायचा नाही." मग हसून म्हणाल्या, "एका रेडिएटरवाल्यानं ती घालवली होती ना? त्याचं नाव बाबांना कधी आठवायचं नाही."

नाव मला माहीत आहे. झैनहुम.

६ नोव्हेंबर, बुधवार

रोग असा. इंजिन तापलं की रेडिएटरमागचा पंखा सुरू होतो, दोन मिनिटं फिरतो आणि थांबतो. हेडलाइट लावले तर जिना चढलेल्या म्हाताऱ्यासारखा दमून फिरतो. आणि गंमत म्हणजे डावीकडे वळायचा दिवा लावला की तापमानाचा काटा त्या दिव्याच्या ठेक्यावर उड्या मारतो. करमला वाटतं गाडीला जिन लागलाय.

जिन वगैरे काही नाही. वीज बॅटरीतून निघते, काम करते आणि गाडीच्या पत्र्यातून घरी परतते. परतीची वाट अडली की शेजाऱ्याच्या अंगणातून जायला बघते. दिव्याचा आणि काट्याचा संबंध एवढाच. कुठेतरी अर्थिंग धरत नाही. कुठे, ते शोधायचं.

फ्यूजची पेटी काढली. चिनीमातीचे जुने फ्यूज, पितळी टोकांवर हिरवट बुरशी. एकाला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. हे काम माझं नव्हे, मी असली कामं करत नसे. सगळी टोकं घासली. रिले बदलला. पंख्याला थेट बॅटरीवरून तारा दिल्या तर बाजारात निघालेल्या घोड्यासारखा धावला. म्हणजे पंखा निर्दोष.

करमचं म्हणणं, "कशाला शोधताय? पंखा चावीवर डायरेक्ट जोडून टाका, कायम फिरू दे. सगळं शहर तेच करतं." मी म्हटलं, "शहराला कविता येत नाही, म्हणून मीही विसरू?" त्याला कळलं नाही. मला बरं वाटलं.

घरी यायला उशीर झाला म्हणून बायको, इन्साफ, चिडली होती. मासा दुसऱ्यांदा गरम करता करता म्हणाली, निळ्या काठाची मोठी परात बहिणीकडेच राहिलीय, दर ईदला बिस्किटं भरून पाठवते आणि दर वेळी परत आणायची राहते. त्या बहिणीला माणसं तरी किती, की दोन पराती बिस्किटं लागतात, देव जाणे.

९ नोव्हेंबर, शनिवार

सापडलं. आज लिहीत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

लिहिलं पाहिजे. वही माझीच आहे, इथे कोण वाचणार?

काल रेडिएटर उतरवला. त्याच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, पंख्याची परतीची तार पत्र्याला बोल्टने आवळलेली होती. बोल्ट फिरवला, निघाला. बोल्टखालचा वायसर काढला, तारेच्या टोकाचं तांब्याचं कडं उचललं. खाली लाल रंग. पस्तीस वर्षांत उन्हातान्हाची, समुद्राच्या खाऱ्या हवेची झळ न लागलेला, जणू आजच मारलेला. कुणीतरी ताज्या रंगावर कडं ठेवून बोल्ट आवळला होता. रंग खरवडून पत्रा उघडा करायला हवा होता, तो केला नव्हता. वीज फक्त बोल्टच्या आट्यांतून कशीबशी जात होती. गाडी थंड असताना चालायचं. तापली, हादरली, की वाट बंद.

'कुणीतरी' असं लिहिलं मी. काल करमपुढेही तेच म्हणालो.

तार मेण लावलेल्या दोऱ्याने बांधलेली होती, तीन गाठी, तिसरी उलटी. चांभाराचा दोरा. अख्ख्या अलेक्झांड्रियात तशी गाठ एकच माणूस मारायचा. मी.

यापुढचं लिहिताना पेन जड होतंय. करम पाठमोरा होता. मी पॉलिश पेपर घेतला आणि तो लाल गोल घासून काढला. पत्रा चकचकीत झाला. दोरा कापला आणि खिशात घातला. नवीन कडं, नवीन वायसर, नवा बोल्ट. मग हाक मारली. करमने विचारलं, "काय होतं उस्ता?" मी म्हटलं, "गंज. जुनी गाडी आहे."

पंखा सुरू झाला तो शहाण्यासारखा, हवा तेव्हा फिरला, हवा तेव्हा थांबला. काटा स्थिर. शहिनाझ बाई टाळ्या वाजवत म्हणाल्या, "देव तुमचे हात सुखरूप ठेवो!" आणि करमने माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं. मी घेऊ दिलं.

११ नोव्हेंबर, सोमवार

झोप नाही. तेव्हा १९८९ चं काय ते एकदाच लिहून टाकतो.

झैनहुम आणि मी, आमच्या दुकानांमध्ये एक भिंत होती. मी वायरिंगचा, तो रेडिएटरचा. पितळेला डाग द्यावा तर त्याने, चहाची किटली झाळली तर ती कधी गळायची नाही. जेवण एकाच डब्यातून. तो बोलताना अडखळायचा, एका शब्दाला कधी कधी अर्धा मिनिट. मी त्याची वाक्यं पुरी करायचो. मदत म्हणून. गिऱ्हाईकं म्हणायची, झैनहुमची जीभ शेजारच्या दुकानात आहे, आणि सगळे हसायचे. तोही हसायचा.

डॉक्टर राफतची गाडी नव्याने लाल रंगवून आली. रेडिएटर झैनहुमने साफ केला, पंख्याची वायरिंग मी केली. आठ दिवसांनी डॉक्टर कैरोला निघाले. वाळवंटी रस्त्यावर इंजिन उकळलं आणि हेड गेलं. डॉक्टर संतापले. दोष कुणाचा, हे ठरवायला गल्लीच्या वडीलधाऱ्यांनी हाजी मदबूलींच्या कहवाखान्यात हक्काची बैठक भरवली. आमच्यात असलं भांडण कोर्टात नेत नाहीत. बैठकीत जो शब्द पडेल तो पडला.

रेडिएटर कापून मध्ये ठेवला होता. तीन नळ्यांत चुन्याची खर निघाली. आता कुठल्या रेडिएटरात निघत नाही? झैनहुम उठला. एक शब्द बोलला, दुसऱ्यावर अडकला. मी मध्येच उठलो, त्याच्यासाठी बोलावं तसा, आणि बोलतच राहिलो. शाळेतली शुद्ध भाषा. अमानतीवर, म्हणजे सोपवलेल्या विश्वासावर, नसीम एफेंदींनी पाठ करून घेतलेल्या आठ ओळी म्हटल्या. माना डोलल्या. एकजण 'अल्लाह, अल्लाह' म्हणाला, गवयाला म्हणतात तसं. मी म्हटलं, माझ्या हातची जोडणी खोटी निघाली तर हा हात गळून पडो.

खोटं बोललो नव्हतो. मला खरंच वाटत होतं. हे लिहून ठेवतो, कारण तेवढंच उरलंय माझ्याकडे.

निकाल झाला. झैनहुमने सगळ्यांसमोर माफी म्हणून डॉक्टरांच्या डोक्याचं चुंबन घ्यावं, आणि गल्लीतल्या दुकानांनी यापुढे त्याच्याकडे रेडिएटर पाठवू नयेत. चार महिन्यांत त्याचं शटर खाली आलं. आता तो अन्फूशीच्या किनाऱ्यावर गळाला बांधायची शिशाची वजनं ओततो म्हणे. रेडिएटरच्या उस्ताने शिसं ओतणं म्हणजे सोनाराने घुंगरं विकणं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

ठरवलं. त्याच्यापुढे जाऊन कबूल करायचं. पण असंतसं नाही, त्याच्या योग्यतेचं बोलायचं. मसुदा सुरू केला. सुरुवात राखेच्या तळापासून केली आहे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मसुद्याची चार पानं झाली. दुसऱ्या परिच्छेदात 'पश्चात्ताप' शब्द दोनदा येतो, तो बदलायला हवा. इन्साफला वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती.

"छान आहे," ती म्हणाली. "कुणाचं लग्न आहे?"

"अगं, माफी आहे ही!"

"मग यात झैनहुम कुठे आहे? चार पानं झाली, तूच दिसतोस मला."

मी म्हटलं, तुला भाषेतलं कळत नाही. ती म्हणाली, "भाषेतलं नाही कळत. झैनहुमचं गुडघ्याचं दुखणं वाढलंय, जायचं तर लवकर जा."

तिला कसं ठाऊक, ते विचारायचं राहून गेलं. बायकांना बाजारात सगळं कळतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

काल मक्नसाचं वादळ होतं. दर वर्षी याच सुमाराला येतं आणि झाडूने काढल्यासारखे रस्ते धुऊन नेतं. बाहेर पडणं शक्य नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं, ते लिहायला लाज वाटते. आज आकाश स्वच्छ, म्हणून सबब नव्हती. गेलो.

एका खोलीत चूल, साचे, शिशाचा वास. झैनहुम म्हातारा झालाय. मला पाहून दचकला नाही. स्टूल पुढे केलं. चहा केला आणि निळ्या काठाच्या परातीतून शिळी बिस्किटं पुढे ठेवली. आमच्याकडेही तशीच परात आहे, काठाला तसाच टवका उडालेला. त्या काळी या शहरात घरोघरी तसलंच भांडं असायचं.

मी कागद काढला आणि वाचायला लागलो. राखेचा तळ झाला, मैत्रीचं झाड झालं. पहिलं पान संपायच्या आत त्याने हात वर केला.

"क-क-कह..." तो म्हणाला.

"कहर झाला, मला माहीत आहे," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि माझ्याकडे नुसता बघत राहिला. मी गप्प झालो. बराच वेळ गेला. मग तो शब्द आला: "कहवाखान्यात."

तेवढंच. आणि तो पुन्हा शिसं ओतायला वळला.

बरोबर आहे त्याचं. बैठकीत पडलेला शब्द बैठकीतच उचलायचा असतो. खोलीत बसून माफी मागणं म्हणजे बाजारात शिवी देऊन घरात सलाम करणं. मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. म्हणूनच खोलीत गेलो होतो.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

हाजी मदबूलींकडे गेलो. वय शहाऐंशी, छातीत कफ, पलंगावर. त्या बैठकीतले तिघेच जिवंत आहेत: ते, झैनहुम आणि मी. त्यांना सगळं सांगितलं. पॉलिश पेपरचं सोडून.

ते छताकडे बघत म्हणाले, "म्हणजे माझा निकाल खोटा होता."

"नाही हाजी, माझी साक्ष खोटी होती."

"अरे, तुझी साक्ष कुठली? तू गायलास, आम्ही डोललो." मग खोकले. "शनिवारी. दुपारच्या नमाजानंतर. तोवर जगतो की नाही बघू."

वाटेत मनात आलं, की शनिवारपर्यंत हाजी गेलेच, तर बैठक होणार नाही. बैठक नाही तर बोलणंही नाही. लोक मला शेवटपर्यंत उस्ता बहजतच म्हणतील.

हे पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

करमकडे गेलो, त्याला बैठकीला बोलवायला. शहिनाझ बाई तिथेच होत्या, गाडी न्यायला आलेल्या. म्हणाल्या, "उस्ता, तुमचा फोटो काढून गाडीत लावणार आहे मी."

मी म्हटलं, "आधी शनिवारी या. मग ठरवा."

करमने माझ्याकडे निरखून पाहिलं. "गंज नव्हता ना तो?" त्याने हळूच विचारलं.

मी त्यालाही म्हटलं, शनिवारी ये. त्याने सुस्कारा टाकला आणि हातातला पाना फडक्याने पुसत राहिला, स्वच्छ होता तरी.

२३ नोव्हेंबर, शनिवार

हाजी जगले. दोघांनी धरून आणलं त्यांना, कांबळ्यात गुंडाळून. कहवाखान्यात आता मोठा टीव्ही आहे, तो बंद करायला लावला. आसपासच्या दुकानांतले वीसेक लोक जमले. बहुतेकांना झैनहुम कोण हेही ठाऊक नव्हतं. तो स्वच्छ, पायघोळ गलाबिया घालून, दाढी करून आला होता आणि भिंतीला टेकून बसला. शहिनाझ बाई करमशेजारी. आणि दाराशी इन्साफ! तिला मी सांगितलं नव्हतं. झैनहुमने तिला मानेने सलाम केला, तिनेही केला. जुनी ओळख, विसरला नाही म्हणायचा.

मी उठलो. कागद खिशातून काढला. "हे सज्जनहो," अशी सुरुवात केली, "काळाच्या वाळूत..."

"बहजत," हाजी म्हणाले. "कागद आत ठेव. तीन वाक्यांत सांग. कविता नको."

लोक हसले. मी लहान मुलासारखा उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द सापडेनात. शेवटी जे आलं ते असं:

"पंख्याची तार मी रंगावर बसवली होती. रेडिएटर चांगला होता. गेल्या पंधरवड्यात मला ते दिसलं, आणि मी ते घासून पुसून टाकलं, कुणाला कळू नये म्हणून."

कुणी हसलं नाही. शहिनाझ बाईंनी मान खाली घातली. एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, "हाच ना तो कवितावाला?" ते मला ऐकू आलं. ऐकू यावं म्हणूनच म्हटलं असेल.

मी बसलो. हाजी म्हणाले, "त्या वेळी एकाचंच ऐकलं होतं. आज दुसऱ्याचं ऐकू. ऊठ, झैनहुम. उस्ता झैनहुम."

तो उठला.

आता हे जसं झालं तसं लिहितो. तो उभा राहिला आणि पहिला शब्द यायलाच एवढा वेळ लागला, की पोऱ्याने आणलेल्या चहाची वाफ थांबली. बाहेरून कुणीतरी हॉर्न वाजवला. करमचा पाय हलत होता, त्याने हाताने धरून ठेवला.

"त्या दि-दिवशी मी उ-उठलो होतो," झैनहुम म्हणाला, "ते सां-सांगायला... की गा-गाडी जुनी आहे. दो-दोष कुणाचा काढू नका."

श्वास घेतला.

"मी आणि ब-ब-ब..."

तिथे अडकला. ओठ मिटायचे, उघडायचे. मानेची शीर ताठ झाली. सगळ्या खोलीला ठाऊक होतं पुढे कुठला शब्द आहे. माझ्या तोंडात तो तयार होता. माझंच नाव, जन्मापासूनचं. नुसतं पुढे सरकवायचं होतं, पस्तीस वर्षांपूर्वी भिंतीपलीकडून सरकवायचो तसं. मी जीभ दातांत धरली. खारट लागली. त्याची नजर माझ्यावर होती. तो वाट बघत होता, मी देतो की काय याची.

नाही दिलं.

"...बहजत," तो म्हणाला. "मी आणि बहजत, दो-दोघं मिळून, फु-फुकट, नीट क-करून देऊ."

एवढंच त्याला त्या दिवशी म्हणायचं होतं. एक वाक्य. ते पुरं होऊ दिलं असतं, तर आज आमच्यात ती भिंत असती आणि एक डबा असता. मी त्याच्याविरुद्ध बोललो, तेव्हा तो माझ्या बाजूने उभा राहत होता.

माझ्या डोळ्यांना धार लागली. मी ती लपवली नाही, आणि पुसलीही नाही. पुसण्यातसुद्धा लोकांना नाटक दिसलं असतं. मलाही दिसलं असतं.

हाजी कांबळ्यातून पुढे झुकले. "झैनहुम, तुझ्या हक्काचं काय ते माग. हा देईल."

मीही मनात तयार होतो. काय मागेल? माझी हत्यारं? सगळ्यांसमोर डोकं झुकवणं? काहीही मागितलं असतं तर मी जरा हलका झालो असतो.

झैनहुमने खुर्ची ओढली, नीट बसला, चहात साखर टाकली आणि सावकाश ढवळली. मग म्हणाला, "थां-थांबा. माझं अ-अजून झालं नाही."

आणि आम्ही सगळे थांबलो.